उंच मुलाचा सेंटर कसा घडवावा : पुण्यातील पालक आणि खेळाडूंसाठी

पुण्यातील शाळांच्या बास्केटबॉल संघात सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, कसा निवडला जातो, हे दोन दिवस मैदानाच्या कडेला उभे राहिले तरी लक्षात येते. वर्गातला सर्वांत उंच मुलगा हेरायचा, त्याला रिंगखाली उभे करायचे, ‘हात वर ठेव, चेंडू आला की टाक’ एवढे सांगायचे आणि जिल्हा पातळीवरची स्पर्धा जिंकायची. स्पर्धा जिंकलीही जाते. मात्र चौदाव्या वर्षी सहा फूट असलेला हा मुलगा पुढे सहा फूट तीन इंचांवर थांबतो, आणि राष्ट्रीय पातळीच्या निवड चाचणीत त्याच्या शेजारी त्याच्याहून चार इंच उंच असलेली, शिवाय चेंडू हाताळू शकणारी मुले उभी राहतात, तेव्हा त्याच्याकडे दाखवण्यासारखे काही उरत नाही. तालुक्यात सेंटर असलेला खेळाडू देशपातळीवर फॉरवर्ड (रिंगपासून थोडा दूर खेळणारा) ठरतो, कधी कधी गार्डही (चेंडू घेऊन चढाई रचणारा) ठरतो. त्यामुळे ज्यांना आपल्या मुलाने किंवा मुलीने या जागेवर व्यावसायिक पातळीपर्यंत पोहोचावे असे वाटते, त्यांनी सुरुवातीची चार-पाच वर्षे ‘सेंटर’ हा शब्दच विसरावा आणि मुलाला पूर्ण खेळाडू म्हणून घडवावे. उंची किती वाढेल हे आपल्या हाती नाही. पाय, हात आणि नजर तयार करणे मात्र आहे.

आधी मोजमाप आणि तपासणी

उंचीचे माप दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून घ्यावे आणि तारखेसह वहीत नोंदवावे. दिवसभरात उंची किंचित कमी होते, म्हणून वेळही शक्यतो तीच ठेवावी. बुटांसह घेतलेले माप सांगण्याची खोड एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्येही इतकी रुळली होती की २०१९-२० च्या हंगामापासून लीगने सर्व संघांना खेळाडूंची अनवाणी उंची कळवण्याची सक्ती केली. या नोंदीचा खरा उपयोग सरावाचे नियोजन करताना होतो. ज्या काळात उंची झपाट्याने वाढते, त्या काळात हाडे पुढे जातात आणि स्नायू मागे राहतात. मुलगा अडखळू लागतो, कालपर्यंत जमणारा ले-अप (धावत येऊन रिंगजवळून टाकलेला चेंडू) चुकू लागतो आणि प्रशिक्षक त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. अशा महिन्यांत उड्यांचे व्यायाम कमी करावेत आणि चेंडू हाताळणे, पास देणे, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक) मारणे यांवर भर द्यावा.

याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे कंडरा नडगीच्या हाडाला जोडलेली असते तिथे, दुखू लागते. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. टाचेच्या मागे दुखणे हाही त्याच जातीचा त्रास असतो. ही दुखणी बहुधा वाढीबरोबर मिटतात. परंतु स्प्रे मारून आणि पट्टी बांधून सामने खेळवत राहिल्यास ती लांबत जातात. ‘उंच मुलांचे गुडघे दुखतातच’ असे म्हणून विषय संपवणाऱ्या प्रशिक्षकाकडे मूल सोपवताना दोनदा विचार करावा.

एक तपासणी मात्र पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. मूल घरातील इतरांच्या मानाने फारच उंच असेल, हातापायांची बोटे लांबसडक असतील, पसरलेल्या हातांचे माप उंचीपेक्षा बरेच जास्त असेल, छातीचे हाड आत किंवा बाहेर आलेले असेल किंवा दृष्टीचा मोठा दोष असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून इकोकार्डिओग्राम करून घ्यावा. मार्फान सिंड्रोम या आनुवंशिक विकारात महाधमनी रुंदावते आणि जोराच्या खेळात ती फाटण्याचा धोका असतो. बेलर विद्यापीठाचा सेंटर आयझेया ऑस्टिन याला हा विकार असल्याचे २०१४ च्या एनबीए ड्राफ्टला, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमाला, जेमतेम काही दिवस उरले असताना कळले. ती तपासणी झाली म्हणून धोका वेळेत लक्षात आला. लांब हात ही सेंटरची दौलत मानली जाते, आणि म्हणूनच त्या खाणाखुणांकडे वैद्यकीय नजरेने पाहायचे राहून जाते.

वयाच्या दाखल्याविषयी एकच वाक्य पुरे : खोटा दाखला काढून मुलाला दोन वर्षे लहान मुलांत खेळवले, तर तो ज्या वर्षांत शिकायचा ती वर्षे फक्त जिंकण्यात जातात.

सर्व काही पायांतून

बास्केटबॉलच्या नियमांनी उंच माणसाला सतत रिंगपासून दूर ढकलले आहे. मिनियापोलिस लेकर्सचा सहा फूट दहा इंची जॉर्ज मायकन रिंगखाली कुणाला आवरेना, म्हणून एनबीएने १९५१ मध्ये पेंटची, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनाची, रुंदी ६ फुटांवरून १२ फूट केली. विल्ट चेंबरलेनच्या काळात, १९६४ मध्ये, ती १६ फूट झाली. आज फिबा या जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार, म्हणजे आपल्याकडे ज्या नियमांनी खेळतात त्यांनुसार, पेंट ४.९ मीटर रुंद आहे आणि आपल्या संघाकडे चेंडू असताना आक्रमणाच्या बाजूला त्यात सलग तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. म्हणजे सेंटरला त्या चौकोनात जागा धरून बसता येत नाही. आत यायचे, काम करायचे आणि बाहेर पडायचे, हे सारे पायांच्या जोरावर होते.

मायकनची गोष्ट इथे पालकांनी आवर्जून वाचावी अशी आहे. जाड चष्मा लावणारा, अवजड हालचालींचा हा मुलगा १९४२ मध्ये डीपॉल विद्यापीठात प्रशिक्षक रे मेयर यांच्या हाताखाली आला. मेयर यांनी त्याच्याकडून दोरीवरच्या उड्या मारून घेतल्या, मुष्टियुद्धाचा सराव करून घेतला आणि पाय मोकळे व्हावेत म्हणून त्याला नाच शिकायलाही लावले. त्या काळात रुळलेला ‘मायकन ड्रिल’ आजही जगभर सेंटरचा पहिला धडा मानला जातो. रिंगच्या उजव्या बाजूला उभे राहून डाव्या पायावरून झेप घ्यायची आणि उजव्या हाताने चेंडू बोर्डवर लावून आत टाकायचा. जाळीतून पडणारा चेंडू जमिनीवर टप्पा पडण्याआधीच दोन्ही हातांनी घ्यायचा आणि लगेच डाव्या बाजूला पाऊल टाकून उजव्या पायावरून, डाव्या हाताने तेच करायचे. चेंडू हनुवटीच्या खाली येऊ द्यायचा नाही, ही यातली खरी मेख आहे. उंच मुलगा चेंडू कमरेपर्यंत खाली आणतो तेव्हा तो आपली सारी उंची प्रतिस्पर्धी गार्डच्या हाती देऊन टाकतो. रोज प्रत्येक हाताने पंचवीस बास्केट होईपर्यंत हा सराव करावा. करीम अब्दुल-जब्बारने लहानपणी हाच सराव केला होता. त्याच्या स्कायहुकची (डोक्यावरून एका हाताने टाकलेल्या फटक्याची) मुळे इथे आहेत. वीस हंगामांत त्याने ३८,३८७ गुण केले आणि एनबीएतील सर्वाधिक गुणांचा हा विक्रम २०२३ पर्यंत टिकला.

दुसरा धडा ड्रॉप स्टेपचा. खेळाडूने रिंगकडे पाठ करून, पेंटच्या बाजूच्या रेषेवरील ब्लॉकच्या खुणेपाशी, गुडघे वाकवून आणि पाय खांद्यांहून थोडे रुंद ठेवून उभे राहावे. पास घेताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकावेत, म्हणजे कोणताही पाय पिव्होट (जागचा न हलवता ज्यावर वळायचे तो पाय) म्हणून वापरता येतो. चेंडू हनुवटीपाशी धरावा, कोपरे बाहेर असावीत. आता घाई करायची नाही. पाठीमागचा बचावपटू कोणत्या अंगाला टेकला आहे, हे पाठीने आणि कमरेने ओळखायचे. तो मैदानाच्या मधल्या बाजूला झुकला असेल, तर बेसलाइनच्या (रिंगमागच्या सीमारेषेच्या) बाजूचा पाय त्याच्या पायामागे, थेट रिंगच्या दिशेने टाकायचा. कंबर त्याच्या मांडीला भिडली की तो मागेच अडकतो. मग पिव्होटचा पाय उचलण्याआधी दोन्ही हातांनी एक बुटका, जोरकस टप्पा मारायचा, दोन्ही पायांवर उतरायचे आणि तिथूनच वर जायचे. बारा वर्षांच्या मुलालाही हे आठवडाभरात कळते; सामन्यात धक्के बसत असताना सहजी जमायला मात्र दोन-तीन हंगाम जातात.

हकीम ओलाजुवान नायजेरियात फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता आणि हँडबॉलही खेळत असे. बास्केटबॉल त्याने किशोरवयात बऱ्याच उशिरा हाती घेतला. पुढे १९९४ आणि १९९५ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सला विजेतेपद मिळवून देताना त्याच्या ज्या पदन्यासाने बचावपटू चकले, त्याचे श्रेय तो स्वतः त्या खेळांना देत आला आहे. आपल्याकडे उंच मुलाला खो-खोच्या संघात कुणी घेत नाही, कारण त्याला खाली बसून चटकन उठता येत नाही. नेमक्या याच कारणासाठी त्याला खो-खो खेळायला पाठवावे, असे माझे मत आहे. संघात निवड झाली नाही तरी चालेल. वाकणे, वळणे आणि दिशा बदलणे त्याच्या अंगात मुरेल. पुण्यात मल्लखांबाचे वर्गही सहज सापडतात, आणि पकड व खांदे यांसाठी त्यासारखा व्यायाम नाही.

हात, नजर आणि बचाव

निकोला योकिच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ व्या क्रमांकावर निवडला गेला. तो फार उंच उडत नाही, वेगाने धावत नाही, तरीही २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये त्याने डेन्व्हरला पहिले विजेतेपद मिळवून दिले. त्याचे बळ पासमध्ये आहे. सेंटरला दोन बचावपटू घेरतात, म्हणजे कुणीतरी एक साथीदार मोकळा असतोच; तो शोधण्यासाठी चेंडू घेतल्याबरोबर मान वळवून मैदान पाहण्याची सवय लहानपणीच लावावी. यासाठी सरावात उंच मुलाला आठवड्यातून एकदा तरी पॉइंट गार्ड म्हणून खेळवावे. तो चेंडू गमावेल, संघातील बाकीची मुले वैतागतील, तरी खेळवावे. अँथनी डेव्हिस हायस्कूलमध्ये गार्ड होता, मग त्याची उंची अचानक वाढली आणि चेंडूवरची हुकूमत त्याच्यापाशी शिल्लक राहिली; आपल्या मुलांच्या बाबतीत ती हुकूमत मुद्दाम द्यावी लागते.

फ्री थ्रोबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. शकील ओनीलसारखा सेंटर कारकिर्दीत ५२.७ टक्क्यांवर अडकला आणि प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम फाउल करत राहिले, एवढे उदाहरण पुरे आहे. लांबून नेम धरण्याचे महत्त्व मात्र आता वेगळेच झाले आहे. ब्रूक लोपेझने पहिल्या आठ हंगामांत मिळून तीन गुणांचे फक्त तीन बास्केट केले होते; २०१६-१७ या एका हंगामात त्याने १३४ केले आणि २०२१ मध्ये मिलवॉकीच्या विजेत्या संघाचा तो सेंटर होता. तिशीच्या उंबरठ्यावर असताना त्याने नवे हत्यार कमावले नसते, तर जुन्या पद्धतीच्या अनेक सेंटरांप्रमाणे त्याचीही गच्छंती झाली असती. लहान मुलांनी मात्र ६.७५ मीटरच्या रेषेवरून चेंडू भिरकावू नये. आधी रिंगजवळ एका हाताने, मनगट वळवून, अचूक मारा करावा आणि ताकद वाढेल तसतसे एकेक पाऊल मागे यावे.

रिबाऊंडमध्ये, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवण्यात, उंचीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. शॉट उडाला की सगळी मुले चेंडूकडे पाहत राहतात. सेंटरने आधी आपला माणूस शोधावा, कोपरापुढचा हात त्याच्या छातीला लावावा, वळून कंबर त्याच्या मांड्यांवर बसवावी आणि मगच वर पाहावे. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला तर तो बहुतेक वेळा समोरच्या बाजूला जातो, हे ध्यानात ठेवून जागा धरावी. ब्लॉक करतानाही, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेत अडवतानाही, प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी चेंडू मैदानाबाहेर फटकावण्यात अर्थ नाही, कारण तो पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो. बिल रसेल चेंडू हलकेच अडवून आपल्याच साथीदाराकडे वळवत असे, आणि तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवणाऱ्या बोस्टन सेल्टिक्सच्या वेगवान चढाया तिथूनच सुरू होत. फिबाच्या नियमांत पाच फाउलला खेळाडू बाहेर जातो. म्हणून हात सरळ वर, छाती ताठ आणि उडी जागच्या जागी, ही शिस्त नसलेला सेंटर चौथ्या क्वार्टरमध्ये बाकावर बसलेला दिसतो.

पावसाळा, जमीन आणि ताट

पुण्यातील बहुतेक शाळा-कॉलेजांची मैदाने उघड्यावरची आणि सिमेंटची आहेत. जून ते सप्टेंबरमध्ये त्यांवर पाणी साचते, कडेला शेवाळ धरते आणि सराव बंद पडतो. सेंटरसाठी ही सुट्टी नव्हे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या सभागृहात दोरीवरच्या उड्या, पिव्होट आणि ड्रॉप स्टेप यांचा चेंडूविना सराव, भिंतीवर पास आणि जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मांड्या, कंबर व पोटरीचे व्यायाम एवढे करता येते. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात किंवा शहरातील एखाद्या बंदिस्त कोर्टवर आठवड्यातून एक-दोनदा वेळ मिळाला, तर उड्यांचा सराव त्या दिवसांसाठी राखून ठेवावा.

सिमेंटचा मुद्दा किरकोळ नाही. जड देह पुन्हा पुन्हा कडक जमिनीवर आपटत राहिला की पावलाची लहान हाडे तडकतात. सात फूट सहा इंची याओ मिंग २००२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि पावलांच्या अशाच दुखापतींमुळे २०११ मध्ये, तिसाव्या वर्षी, निवृत्त झाला. जोएल एम्बीड २०१४ मध्ये निवडला गेल्यानंतर पावलाच्या हाडामुळे सलग दोन हंगाम खेळू शकला नाही. २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, कारण त्याच्या संघाने थांबण्याची तयारी दाखवली. पावलाच्या वरच्या बाजूला एका ठरावीक जागी बोटाने दाबल्यावर दुखत असेल, तर खेळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. बूट घेताना टाचेची गादी आणि रुंदी पाहावी. मोठे माप पेठेतल्या दुकानांत सहसा नसते. म्हणून जुना जोडा फाटेपर्यंत न थांबता पुढचा आधीच मागवून ठेवावा. बोटे दुमडून घातलेला तोकडा बूट सेंटरच्या पायाचे कायमचे नुकसान करतो.

आहारासाठी परदेशी डबे आणण्याची गरज नसते. नियमित व्यायाम करणाऱ्या प्रौढ खेळाडूला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रथिने पुरतात, आणि ती वरण, मटकीची उसळ, दही, पनीर, अंडी, चिकन, शेंगदाणे यांतून मिळू शकतात. अडचण येते ती प्रमाणाची. घरातल्या इतरांइतकेच ताट या मुलाला पुरत नाही, आणि पहाटेच्या सरावानंतर चहा-बिस्किटांवर शाळेत गेलेला मुलगा अंग धरत नाही. उकडलेली अंडी किंवा थालीपीठ-दही डब्यात असावे. जिममध्ये कुणी दिलेली पावडर किंवा गोळी मात्र तोंडात घालू नये. भारताचा सेंटर सतनाम सिंग भामरा यालाही उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्यावर नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) दोन वर्षांच्या बंदीला सामोरे जावे लागले. पूरक आहारात काय मिसळले आहे याची जबाबदारी नियमानुसार खेळाडूचीच असते. ‘सरांनी दिले’ हा बचाव तिथे चालत नाही.

दहावी, नोकरी आणि परदेश

दहावीचे वर्ष आले की आपल्याकडे बूट माळ्यावर जातात. गार्डला हे काही अंशी परवडते, सेंटरला परवडत नाही. कारण उंच शरीराला समन्वय साधायला वेळ लागतो आणि नेमक्या त्याच वर्षांत तो साधला जात असतो. क्लास सोडावा असे मी म्हणणार नाही. दिवसाला पंचेचाळीस मिनिटे, आठवड्यातून चार दिवस, एवढा वेळ दहावीतही निघतो, आणि सामने कमी खेळले तरी चालतात. प्रमाणपत्रे, निवडपत्रे आणि सामन्यांच्या नोंदी यांची फाइल याच वर्षापासून नीट लावावी. सवलतीच्या गुणांसाठी आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी तीच उपयोगी पडते.

व्यावसायिक कारकीर्द म्हणजे काय, याविषयी घरात स्पष्ट बोलणे झालेले बरे. भारतात बास्केटबॉलवर घर चालवणारे बहुतेक खेळाडू रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, पोलीस अशा संघांत नोकरीला आहेत. खासगी लीग येतात आणि जातात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघही होता, आणि काही हंगामांतच ती लीग थांबली. म्हणून लीगचा करार हा वरचा पैसा समजावा आणि नोकरीची चाचणी चुकवू नये.

परदेशाची वाट बंद नाही, पण ती कशी आहे हे सतनामच्या प्रवासातून दिसते. पंजाबमधील बल्लो के या गावातून तो लुधियानाच्या अकादमीत आणि तिथून २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत गेला. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले, आणि ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो पहिला भारतीय ठरला. तरीही एनबीएचा मुख्य सामना त्याच्या वाट्याला आला नाही. टेक्सास लेजंड्स या दुय्यम लीगच्या संघातून तो खेळला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. मुलींसाठी गीतू अ‍ॅना जोस हिचे उदाहरण अधिक जवळचे आहे. सहा फूट दोन इंच उंचीची ही केरळची सेंटर दक्षिण रेल्वेत नोकरी करत ऑस्ट्रेलियातील क्लबसाठी खेळली आणि २०११ मध्ये तिने डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतील महिलांच्या लीगमधील संघांच्या चाचण्याही दिल्या. नोकरी हातची न सोडता बाहेरचे दोन-तीन हंगाम खेळणे, हा भारतीय सेंटरसाठी मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो.

परदेशी क्लबचे बोलावणे आले, तर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. मध्यस्थाकडे फिबाचा परवाना आहे का, हे तपासावे. एका देशाच्या महासंघाकडून दुसऱ्या देशात खेळायला जाताना ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ लागते. ते कोण, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने मिळवणार, हे लेखी घ्यावे. पगार थकल्यास दाद मागण्यासाठी फिबाच्या बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनलचा उल्लेख करारात असावा, आणि दुखापत झाल्यास उपचारांचा व उरलेल्या पगाराचा भार क्लबवर राहील, हे कलम त्यात नसेल तर ते घालून मिळेपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये.